माणशी दोन

केमिस्टसाहेबांच्या तोंडून मी तीस वर्षांत 'नाही' हा शब्द ऐकला नाही. दारावर चादरवाला येवो, वर्गणीची पावती घेऊन मंडळवाले येवोत, की कॉलनीतलं कुणी स्कूटर मागायला येवो, साहेब शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढत, उत्तर त्यात उतरलं आहे की काय अशा नजरेनं त्याकडे बघत आणि म्हणत, "बघू की. जमवू." इतरांच्या खिशात जिथे पेन असतं तिथे त्यांच्या खिशात थर्मामीटर असे. त्यांच्या घरात नको असलेल्या चादरींची चळत होती, आणि त्यांची स्कूटर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या दारात उभी असे.

निखिल, मागच्या महिन्यात तू तिकडचा एक फोटो पाठवलास. कुठल्याशा छोट्या ब्रुअरीपुढे लांब रांग, थंडीनं कुडकुडणारी माणसं, आणि दारावर पाटी, की एका माणसाला चारच कॅन मिळतील. खाली तू लिहिलंस, 'आजी, बिअरसाठी दीड तास उभा आहे, आणि माणशी चारच! वेडे आहेत ना इथले लोक?' मी उत्तर दिलं नाही म्हणून तुझ्या बहिणीनं, तनूनं, फोन करून विचारलं, आजी रागावली का. रागावले नव्हते. त्या पाटीकडे बघत बसले होते. तशी पाटी मी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. ही हकिकत तुमच्या बाबांना अर्धीच माहीत आहे. तुम्ही दोघं आता मोठे आहात, म्हणून तुम्हाला सगळी सांगते.

केमिस्टसाहेब म्हणजे लातूरचे आपले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते, म्हणून सगळे त्यांना केमिस्टसाहेब म्हणत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाई'. तुमचे आजोबा अंथरुणाला खिळले त्या वर्षभरात साहेब रोज संध्याकाळी येऊन बसत. आजोबांच्या काखेत थर्मामीटर लावत आणि मोठ्यानं वाचत, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. उत्तम!" ताप असला तरी ते उत्तमच म्हणत. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी थर्मामीटर लावलं, पाहिलं, झटकून पारा खाली केला आणि काही न वाचता खिशात ठेवलं. त्या न वाचण्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी झाले. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुम्ही हे विसरू नये. मीही विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे, जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर लोक देवळाचे ट्रस्टी होतात, सकाळी हास्यक्लबात जातात. साहेबांनी नांदेड रस्त्यावर बंद पडलेल्या एका डाळमिलचं शेड घेतलं आणि ज्वारीची बिअर करायला घेतली. सगळे परवाने काढले, फ्रेम करून भिंतीवर टांगले. ज्वारी मुखेडकडची, त्यांच्या गावची रब्बीची. ओल्या पोत्यांवर ती मोड येईपर्यंत पसरायची, सावलीत सुकवायची, हलकी भाजायची. त्या वासानं शेडबाहेरून जाणारा माणूस थांबत असे. आमच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "केमिस्टसाहेब आंबील करून राहिले." साहेबांना ते फार आवडलं. "हाव, आंबीलच हाय," ते म्हणत, "फक्त जरा शिकलेली." स्वतः ते प्रत्येक घाण्यातली अर्धी वाटी चाखत, पाऊण नाही. "प्रमाण, बाई," असं म्हणत वाटी पालथी घालून ठेवत. "प्रमाण सुटलं की सगळं नासतं. मीठ घ्या, न्हाई तर माया घ्या."

प्रमाणाचा त्यांचा सगळ्यात मोठा हिशेब पाण्याचा होता. लातूरकरांना पाण्याबद्दल सांगावं लागत नाही. आपल्या घरी पिंपावर झाकण ठेवताना आवाज झाला तरी मी उठून बघत असे, हे तुमच्या बाबांना विचारा. साहेबांनी डाळमिलच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी हौदात उतरवलं होतं आणि वर्षभर तेच पुरवायचं ठरवलं होतं. टँकर घ्यायचा नाही. "गाव घागर घेऊन उभं ऱ्हायल्यावर मी टँकर आणून बिअर करू? मग मला झोप लागंल का?" त्यामुळे पंधरा दिवसांत एकच घाणा निघे, आणि तो दोन दिवसांत संपे. पुढे तिची कीर्ती झाली. हैदराबादहून, पुण्याहून गाड्या यायला लागल्या, एकेक जण डिकी भरून नेऊ लागला आणि गावातला माणूस हात हलवत परत जाऊ लागला. तेव्हा साहेब एका संध्याकाळी माझ्याकडे आले. थर्मामीटर काढून बघत म्हणाले, "बाई, मला बिअर करता येते, न्हाई म्हणता येत न्हाई. तुमाला येतं. शनिवार-रविवार खिडकीत बसाल का?"

मी बिअरच्या खिडकीत! बुद्धविहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणारी मी. त्यातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. विहारातल्या सुमनबाईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, आता पाचवं शील तुमी म्हणू नका, तेवढं आमी म्हणतो." मी त्यांना सांगितलं की मी पिणार नाही, पाजणारही नाही, माणसानं दोन बाटल्यांच्या वर नेऊ नये एवढंच बघणार आहे. मनातून मला तो वाद जिंकल्यासारखं वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर आजोबा गेल्यापासून मला कुणी कुठल्याही कामासाठी बोलावलं नव्हतं. शिस्त पाळायची सवय असलेल्या माणसाला कुठे लावायची ही शिस्त, असा प्रश्न पडतो. साहेबांनी मला जागा दिली. मी ठळक अक्षरांत पाटी लिहिली, 'माणशी दोन. अपवाद नाही.' आणि खाली इंग्रजीतही.

पण दोन घेऊन तोच माणूस पुन्हा रांगेत लागला तर? तो उपाय मीच सुचवला. निवडणुकीची ड्यूटी मी नोकरीभर केली होती. किनवटच्या जंगलातल्या केंद्रांवरही शाईची बाटली सांभाळत गेले आहे. डाव्या हाताची तर्जनी, नख आणि कातडी मिळून एक रेघ. साहेब खूश झाले. ते केमिस्टच, तसलीच शाई त्यांनी घरी बनवली. लावताना जांभळी दिसे, उन्हात गेली की काळी पडे, आणि मग घासा, खरवडा, जात नसे. कातडीवरची रेघ पंधरा दिवस तरी ओळखू येई, तोवर पुढचा घाणा निघे; नखावर वर सरकलेली जुनी रेघ मी धरत नसे. डाळमिलची गेटपासची जुनी खिडकी होती, हात आत येईल एवढीच. मी आत स्टुलावर बसायची. हात आत यायचा, मी बोट बघायची, रेघ ओढायची, बिल्ला द्यायची. तो बिल्ला दाखवून पलीकडच्या दारातून बाटल्या घ्यायच्या.

ते सुरुवातीचे महिने मला फार आवडले. एका मोठ्या अधिकाऱ्याचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "साहेबांना पेटी पाहिजे." मी म्हटलं, "साहेबांचं बोट घेऊन या." हा किस्सा गावभर झाला. एका नवरदेवानं कांकणासकट हात आत घातला होता, कालची शाई हळदीनं झाकून. मी रुमालानं हळद पुसली आणि त्याला शुभेच्छा देऊन परत पाठवलं. साहेब आतल्या टाकीपाशी उभे राहून हे सगळं ऐकत आणि हसत. "बाई, तुमी न्हाई म्हणता ना, तवा मला थंड वाटतं," ते म्हणत. गर्दी वाढल्यावर त्यांनी वार वाटून दिले, शनिवार गावासाठी आणि रविवार बाहेरगावासाठी. शाईच्याही दोन बाटल्या केल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक शनिवारची, एक रविवारची. का, असं मी विचारलं नाही. नीटनेटकेपणाला कारण विचारायची मला सवय नव्हती.

आता दादाराव. माझा धाकटा भाऊ, उमरीला राहणारा, एसटीत मेकॅनिक. तुम्ही त्याला लहानपणी 'पाना मामा' म्हणायचात, कारण त्याच्या खिशात कायम एखादा पाना असे. तो फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होता. तो स्वतः घेत नाही, पण वर्कशॉपातल्या आठ सोबत्यांनी हट्ट धरला होता, की बहीण तिथे बसती तर ज्वारीची पाज. निरोप न देता तो रविवारी पहाटेची गाडी धरून आला आणि रांगेत उभा राहिला. खिडकीतून हात आत आला आणि मी ओळखला. त्या तर्जनीचं नख तो शिकाऊ असताना पान्याखाली चेचलं होतं आणि वाकडं उगवलं होतं. तेव्हा पट्टी मीच बांधली होती. मी रेघ ओढली, बिल्ला दिला आणि म्हटलं, "जेवून जा." तो म्हणाला, "हाव, अक्का."

तासाभरानं तोच हात पुन्हा आत आला. बोट मुद्दाम ताठ धरलेलं, शाईसकट.

"अक्का, मी हाय."

"दिसतंय. शाई आहे बोटावर."

"आठ जण हायत गं. दोन बाटल्यांत काय व्हतंय? आणखी दोन दे, मी भागवतो."

"माणशी दोन, दादाराव."

"मंग ते मघाचे चौघं पुन्हा रांगेत कामून? मागं हापशावर बोटं धुऊन राहिले, टोप्या बदलून राहिले. उठून बघ की जरा."

मी उठले नाही. उठायचं कारणच नव्हतं. ती शाई धुऊन जात नाही, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. मी मोठ्यानं, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ही शाई निघत नसते. तू लहानपणापासून असाच. काही पाहिजे असलं की गोष्ट रचतोस."

रांग हसली. हात बाहेर गेला. मग खिडकीतून एकेक करून दोन बाटल्या आत सरकल्या. "ह्याबी ठेव," दादाराव म्हणाला. "तुझ्या शाईला पाज." तो जेवायला थांबला नाही.

त्या संध्याकाळी साहेब स्वतः चहा घेऊन आले. त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "बाई, तुमी सख्ख्या भावालाबी सोडलं न्हाई. तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं न्हाई." मला तो आदर वाटला. मी तो चहा ताठ मानेनं प्यायले.

दर वैशाखी पौर्णिमेला दादाराव पांढरे कपडे घालून येतो, आम्ही दोघं विहारात जातो, आणि आईची आठवण म्हणून घरी खीर करतो. त्या वर्षी तो आला नाही. फोन केला तर भावजयीनं घेतला आणि म्हणाली, "ते बाहेर गेलेत." मागून त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता. खीर मी एकटीनं केली, नेहमीएवढीच, आणि शेजारी साहेबांकडे वाटीभर दिली. त्यांनी ती घेतली. खाल्ली की नाही माहीत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी शाईची बाटली माझ्या हातून कलंडली आणि अंगठा, तळहात जांभळा झाला. मला त्याचं काही वाटलं नाही. शनिवारी असं बऱ्याचदा व्हायचं आणि पुढचे पंधरा दिवस मी काळ्या बोटांनीच वावरायची. सोमवारी सकाळी भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं. मळता मळता पीठ जांभळं झालं. मी हात वर करून पाहिला. अंगठा लख्ख होता.

मी तो गोळा बाजूला ठेवला, हात धुतले आणि थेट शेडवर गेले. माझ्याकडे किल्ली होती. दोन्ही बाटल्या काढल्या. शनिवारची उजव्या तर्जनीला लावली, रविवारची डाव्या, आणि पायरीवर उन्हात बसले. उजवं बोट माझ्या डोळ्यांदेखत काळं पडलं. डावं जांभळंच राहिलं. हापशावर गेले, साबण लावला. डाव्या बोटाची शाई पहिल्याच पाण्यात ओघळली. मागे दगडावर अशा जांभळ्या ओघळांचे वाळलेले डाग होते, पुष्कळ. पंचवीस पावलांवर होते. मी कधी उठून आले नव्हते. इतके महिने मी बोटं बघत होते, माणसं बघितली नव्हती.

साहेब आले तेव्हा मी पायरीवरच होते. दोन्ही बोटं पुढे धरली.

"ही शनिवारची, साहेब. ही रविवारची."

त्यांनी थर्मामीटर काढलं. बघितलं. परत ठेवलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले. नांदेडचा एक हॉटेलवाला फराळ घेऊन घरी आला होता. आमच्या गिऱ्हाइकांनाबी तुमच्या हातची चव कळू द्या, म्हणाला. साहेब म्हणाले, बघू, जमवू. मग रविवारी त्याचे वाढपी रांगेत लागायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा.

"मला सांगायचं होतं."

"तुमी न्हाई म्हणला असता."

"त्याच्यासाठीच बसवलं होतं ना मला तिथे?"

ते टाकीकडे वळले. मग म्हणाले, "बाई, आईच्यान सांगतो, बिअरमदी मी कधी थेंबभर पाणी वाढवलं न्हाई. शाईतच वाढवलं."

"आणि माझा भाऊ? त्या दिवशी तुम्ही टाकीपाशी होता. मी त्याला खोटं पाडलं ते ऐकत होता."

"हाव."

"आणि संध्याकाळी चहा घेऊन आलात."

त्यांनी मान हलवली. तेही त्यांनी नाकारलं नाही. चहा आणताना भरलेले ते डोळे आदरानं भरले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मी किल्ली पायरीवर ठेवली आणि घरी आले. पाचव्या शीलाची मी इतकी काळजी घेतली होती, आणि मोडलं होतं चौथं. खोटं न बोलण्याचं. माझ्या हातून, माझ्या तोंडून, दर रविवारी. रांगेच्या शेवटी उभं राहून 'संपली' ऐकून मुखेडला, उदगीरला परत गेलेली माणसं मला आठवत नाहीत, कारण मी त्यांचे चेहरे पाहिलेच नव्हते. त्यांची फक्त स्वच्छ बोटं आठवतात.

दुसऱ्याच दिवशी मी उमरीला गेले. दादाराव ओट्यावर सायकलची चेन साफ करत होता. मी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं. त्यानं ग्रीसच्या हातानं माझं डावं बोट धरलं, मग उजवं, यंत्राचा भाग तपासावा तसं.

"ही निघाली?"

"एका साबणात."

"आणि ही?"

"ही खरी आहे."

त्यानं आत हाक मारली, "अगं, अक्का आली. चहा टाक." मग चेनवरची नजर न उचलता म्हणाला, "सगळं बराबर हाय, अक्का. पर तू शाईला इचारलंस. मला इचारायचं व्हतं." चहा आम्ही दोघांनी एकाच ओट्यावर बसून घेतला. एवढं झालं.

खरी शाई कातडीवरून पंधरा दिवसांत गेली, पण नखावरची नखाबरोबर वर सरकत राहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दादाराव आला, पांढऱ्या कपड्यांत. चप्पल काढायच्या आधी त्यानं माझा उजवा हात पाहिला. नखाच्या टोकाला काळी कोर उरली होती. "अजून हाय की," तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी आम्ही खीर केली, वैशाखातली राहिलेली.

साहेबांनी शेड बंद केलं. हॉटेलवाल्यालाही ते नाही म्हणू शकले नसतेच. बंद करणं हाच त्यांचा नकार असावा. मग ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी फाटकाशी येऊन हाक मारली, "बाई!" मी घरातच होते, खिडकीच्या पडद्यामागे. दोन हाका मारल्या, तिसरी मारली नाही. तिथेही प्रमाण. गाडी गेल्यावर बाहेर आले तर भिंतीवर माझी पाटी होती, पुसून स्वच्छ केलेली.

या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, बाबा आता फारसे उठत नाहीत. थर्मामीटर हातात घेऊन बसतात. तुम्ही एकदा येऊन जाल का, असं विचारायला लावलंय त्यांनी." तुमच्या आजोबांच्या उशाशी वर्षभर बसलेला माणूस विचारत होता. आणि चहाचा तो कप आणून देणाराही तोच माणूस विचारत होता.

मी नाही म्हटलं.

नाही म्हणायला मला आयुष्यात कधी वेळ लागला नव्हता. अधिकाऱ्याला, नवरदेवाला, सख्ख्या भावालाही लागला नाही. त्या दिवशी लागला. पोरगी फोनवर वाट बघत होती, आणि माझ्या तोंडात 'बघू, जमवू' हे शब्द दोनदा येऊन गेले.